वाहनतळावरची जादा आकारणी आणि दाद मागण्याची रीत

रेल्वे स्थानकाच्या आवारात वाहन उभे केल्याबद्दल फलकावरील दरापेक्षा दहा-वीस रुपये अधिक मोजावे लागले, किंवा पावतीचा चिटोरा ऐन वेळी सापडला नाही म्हणून शे-दोनशे रुपयांच्या 'दंडा'ची मागणी झाली, तर तिच्याविरुद्ध दाद मागण्यास सहसा कोणी उद्युक्त होत नाही. कारण एक तर घरी किंवा कचेरीत पोचण्याची घाई असते, दुसरे म्हणजे रक्कम क्षुल्लक वाटते, आणि तिसरे असे की, हातात छोटे यंत्र व गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवलेला तो वसुली करणारा इसम कोणीतरी सरकारी अंमलदारच असावा, असा एक अस्पष्ट समज मनात घर करून असतो. यांपैकी पहिली दोन कारणे समजण्यासारखी आहेत. तिसरे निखालस चुकीचे आहे. तो इसम सरकारी नोकर नाही, ज्याच्या पदरी तो चाकरीला आहे तो ठेकेदारही सरकार नाही, आणि त्या ठेकेदाराला आपल्याकडून एक रुपया घेण्याचा जो अधिकार पोचतो, तो रेल्वे प्रशासनाशी त्याने केलेल्या करारनाम्यातून पोचतो. त्या करारनाम्यात जे दर लिहिले असतील तेवढाच त्याचा हक्क. हे एकदा ध्यानात आले म्हणजे दाद कोणाकडे मागावयाची हा प्रश्न निम्मा सुटतो. कारण मग भांडण फाटकावरील पोऱ्याशी राहत नाही, ज्याने ठेका दिला त्याच्याकडे तक्रार नेण्याचे काम उरते.

ही जादा आकारणी होते तरी का, याचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. वाहनतळाचा ठेका लिलावाने दिला जातो, आणि २०२२ सालापासून रेल्वेने हे लिलाव संगणकीय पद्धतीने घेण्यास आरंभ केला आहे. जो सर्वांत अधिक परवाना-शुल्क देऊ करतो त्याच्या पदरात ठेका पडतो, परंतु वाहनधारकांकडून घ्यावयाचे दर मात्र ठरलेलेच असतात. तेव्हा चढाओढीत भरमसाट बोली लावून बसलेल्या ठेकेदाराला ती रक्कम मंजूर दरांतून भरून काढणे कठीण जाऊ लागले, की तूट कोठून भरून काढावयाची याचे उत्तर त्याला फाटकावरच सापडते. 'सुट्टे नाहीत' म्हणून पाच रुपये ठेवून घेणे, हेल्मेटचे निराळे पैसे मागणे, रात्र उलटली म्हणून एका मुक्कामाचे दोन दिवस लावणे, छापील पावतीऐवजी नुसता क्रमांकाचा तुकडा हातावर ठेवणे, हे सारे प्रकार त्या तुटीच्या भरपाईचे आहेत. एकट्या वाहनधारकाच्या संतापाची अशा ठेकेदाराला मुळीच धास्ती नसते. धास्ती असते ती अनामत रकमेतून होणाऱ्या वजावटीची आणि ठेका रद्द होण्याची. आणि या दोन्ही गोष्टी रेल्वेच्या वाणिज्य शाखेच्या हातात असतात.

आता पहिला प्रश्न जागेचा. स्थानकाला लागून असलेला प्रत्येक वाहनतळ रेल्वेचाच असतो असे नाही, आणि कित्येकांच्या तक्रारी भलत्याच कचेरीत जाऊन महिनोन्महिने धूळ खात पडतात त्या एवढ्याच कारणामुळे. स्थानकाबाहेरचा रस्ता व त्याच्या कडेची जागा बहुधा महापालिकेची अथवा नगरपालिकेची असते, आणि तेथील ठेका तिने दिलेला असतो. नवी मुंबईत कित्येक स्थानकांच्या इमारती व भोवतालचे आवार सिडकोने उभारलेले असल्यामुळे तेथील वाहनतळाचा मालक रेल्वेच असेल असे गृहीत धरणे धोक्याचे. मेट्रोच्या स्थानकांचा कारभार तर सर्वस्वी वेगळा. ही मालकी पावतीच्या माथ्यावर किंवा दरफलकाच्या तळाशी लिहिलेली असावयास हवी. 'मध्य रेल्वे', 'पश्चिम रेल्वे' किंवा अमुक महानगरपालिका असा उल्लेख तेथे शोधावा, आणि तो नसेल तर स्टेशन मास्तरला सरळ विचारावे की हा वाहनतळ आपल्या हद्दीत आहे की नाही.

जागा रेल्वेची ठरली तरी ती कोणत्या विभागाची, हेही पाहिले पाहिजे, कारण आपल्या राज्यातील लोहमार्ग अनेक प्रशासनांत वाटले गेले आहेत आणि ही वाटणी जिल्ह्यांच्या सीमांना धरून चालत नाही. कोल्हापूर, मिरज व सातारा ही स्थानके मध्य रेल्वेच्या पुणे विभागात येतात. नाशिक रोड, जळगाव व अकोला भुसावळ विभागात. लातूर सोलापूर विभागात. वर्धा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात. पण गोंदिया दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे, आणि तिच्याही एका विभागाची कचेरी नागपुरातच असल्याने अर्जावर नुसते 'नागपूर विभाग' लिहिणाऱ्याचा कागद चुकीच्या दारात जाऊन पडण्याचा संभव असतो. छत्रपती संभाजीनगर, जालना व परभणी ही दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात मोडतात. रत्नागिरी, कुडाळ आणि गोव्यातील मडगाव ही स्थानके कोकण रेल्वे महामंडळाची, ज्याचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूर येथे आहे. तर वास्को द गामा दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचे. दादरला मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे शेजारी-शेजारी नांदत असल्यामुळे कोणत्या बाजूस वाहन लावले होते हे स्पष्ट लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा प्रश्न कागदाचा. आपल्या हाती पडलेला कागद, किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश, तीन निरनिराळ्या प्रकारचा असू शकतो आणि तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. वाहतूक पोलिसांनी केलेले ई-चलान हा मोटार वाहन कायद्याखालचा प्रकार आहे. त्याविरुद्धची हरकत पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा न्यायालयात घ्यावयाची असते आणि ठेकेदाराचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. रेल्वेच्या आवारात वाहन चालविणाऱ्याने रेल्वे कर्मचाऱ्याची किंवा पोलिसाची वाजवी सूचना मोडली, तर १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १५९ अन्वये तो गुन्हा होतो, आणि त्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु ती देणारा न्यायाधीश असतो, ठेकेदार नव्हे. उरला तिसरा कागद, तो ठेकेदाराच्या पावतीचा. त्यावर 'दंड', 'शास्ती', 'फाइन' असे कितीही भारदस्त शब्द छापलेले असोत, तो कागद फार तर दोन खाजगी पक्षांमधील देण्या-घेण्याची मागणी असतो. पुढील सारे विवेचन या तिसऱ्या कागदाविषयी आहे.

तक्रार टिकते ती पुराव्यावर, आणि पुरावा मिळतो तो त्याच जागी, त्याच वेळी. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे तर फलक पुसलेला किंवा त्यावर जाहिरात चिकटवलेली आढळावी, याचे आश्चर्य वाटावयास नको. म्हणून आकारणी अवाजवी वाटताच पहिले काम दरफलकाचे छायाचित्र घेण्याचे. ते दोनदा घ्यावे : एकदा अक्षरे वाचता येतील इतके जवळून, आणि एकदा मागे स्थानकाचे नाव किंवा वाहनतळाचे फाटक दिसेल इतके दुरून. फलक मुळीच नसेल तर नसलेल्या जागेचेही छायाचित्र घ्यावे, कारण दर ठळकपणे लावणे ही ठेक्यांत सर्रास आढळणारी अट आहे आणि तिचा भंग हा स्वतंत्र तक्रारीचा विषय होतो. मग पावतीच्या दोन्ही बाजू. तिच्यावर ठेकेदाराचे नाव, अनुक्रमांक, तारीख, आत आल्याची वेळ, वाहनाचा क्रमांक आणि घेतलेली रक्कम एवढ्या गोष्टी आहेत की नाहीत ते पाहावे. कर निराळा लावला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांकही तेथे असला पाहिजे.

पावतीच देत नसतील, तर ठेकेदाराने आपल्या हाताने आपल्याविरुद्ध पुरावा निर्माण करून ठेवला असे समजावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेचे बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथांपैकी एक म्हणून गणली आहे, ही गोष्ट फाटकावर शांतपणे सांगितली असता पुष्कळदा खिशातून पावती-पुस्तक बाहेर येते. तरीही आले नाही तर पैसे रोखीने न देता यूपीआयने द्यावे. यात दुहेरी लाभ आहे : रक्कम आणि वेळ यांची बँकेत कायमची नोंद होते, आणि पैसे ठेकेदार-संस्थेच्या खात्यात गेले की कोणा खाजगी व्यक्तीच्या, हेही उघड होते. ते व्यक्तीच्या खात्यात गेलेले दिसले, तर एक तर पैसे परस्पर खिशात घातले जात आहेत, नाहीतर मूळ ठेकेदाराने पोटठेका देऊन टाकला आहे, असा संशय घेण्यास पुरेसे कारण मिळते. आणि पोटठेक्याला रेल्वेच्या करारात बहुधा मनाई असते.

पैसे द्यावेत की न द्यावेत, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो, आणि माझे मत असे की ते द्यावेत, मात्र हरकत राखून द्यावेत. वाहन अडकून पडले असता तासभर हुज्जत घालण्याने तत्त्वाचा विजय होत नाही, झालाच तर रक्तदाबाचा होतो. पावतीच्या पाठीवर 'हरकत राखून भरणा केला. मंजूर दर अमुक, घेतले अमुक' एवढे लिहून, तारीख व वेळ घालून तिचे छायाचित्र घ्यावे. यूपीआयने देताना संदेशाच्या जागी हेच दोन शब्द टाकावेत. असे केल्याने आपण ही रक्कम राजीखुशीने दिली नव्हती हे पुढे दाखविता येते. वसुली करणाऱ्या मुलावर आवाज चढविणे मात्र कटाक्षाने टाळावे. तो बहुधा तुटपुंज्या पगारावर बारा-बारा तास उन्हात उभा राहणारा असतो, अधिक घ्या असे त्याला वरून सांगितलेले असते, आणि वादावादीच्या चित्रफितीत शिव्या आपल्या तोंडच्या ऐकू आल्या तर ती चित्रफीत आपल्या उपयोगाची राहत नाही.

रात्रीच्या मुक्कामाचा हिशेब हा वादाचा सर्वांत मोठा विषय असल्याने त्याकडे थोडे बारकाईने पाहू. समजा, एका गृहस्थाने रात्री नऊ वाजता दुचाकी ठेवली आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ती घेण्यास आला. फलकावर दर तासांच्या टप्प्यांनी, म्हणजे चार तास, आठ तास, बारा तास, चोवीस तास असे दिलेले असतील, तर वेळ मोजावयाची ती आत आल्यापासून, आणि येथे ती अकरा तास भरते. मध्यरात्री तारीख बदलली या सबबीवर दोन दिवसांचे पैसे मागण्यास काहीही आधार राहत नाही. परंतु फलकावरच दर 'प्रतिदिन' असा मोघम लिहिला असेल, तर मात्र ठेकेदार आपल्या सोयीचा अर्थ लावणार आणि तो अर्थ खोडून काढण्यास मूळ करारनाम्यातील शब्दच पाहावे लागणार. तो पाहावयाचा मार्ग पुढे येईलच. हेल्मेट, पिशवी, छपराखालची जागा अशा बाबींसाठी वेगळे पैसे मागितले, तर त्याची कसोटी सोपी आहे : दरफलकावर तसे लिहिले आहे काय?

पावती हरविल्याच्या दंडाची गोष्ट किंचित निराळी. वाहन भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून ठेकेदाराने खात्री करून घेणे रास्तच आहे, आणि त्यासाठी आपण नोंदणी पुस्तक, चालक परवाना व वाहनाची किल्ली दाखवावी. मूळ कागद जवळ नसले तर डिजिलॉकरमधील प्रती चालतात. परंतु ओळख पटल्यानंतरही दिवसाच्या भाड्याच्या दहापट रक्कम 'पावती हरविल्याचा दंड' म्हणून घेणे हे न्यायाच्या कसोटीस उतरणारे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, करारभंगाबद्दल एखादी रक्कम आधीच ठरवून ठेवलेली असली तरी ती सरसकट वसूल करता येत नाही. त्या मर्यादेच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हेच तत्त्व पक्के केले आहे. कागदाचा कपटा हरविल्याने ठेकेदाराचे असे कोणते नुकसान झाले, हा प्रश्न म्हणून अर्जात अवश्य विचारावा. मंजूर दरपत्रकातच अशा रकमेचा उल्लेख असेल तर लढा अवघड होतो खरा, परंतु नसेल तर ती मागणी मुळातूनच निराधार ठरते.

पैसे दिल्यावाचून वाहन सोडणार नाही, असे म्हणून चाकाला साखळी लावण्याचा किंवा फाटक अडविण्याचा प्रकार घडला, तर मात्र विषय दिवाणी राहत नाही. रस्त्यावरील वाहन हटविण्याचे जे अधिकार मोटार वाहन कायद्याने दिले आहेत ते पोलिसांना दिले आहेत. वाजवी भाडे देऊ केले असता वादग्रस्त जादा रकमेसाठी एखाद्याची वाट अडवून धरणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ मधील बेकायदा अटकावाच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वेळी स्थानकावरील रेल्वे सुरक्षा बलाच्या चौकीत किंवा लोहमार्ग पोलीस ठाण्यात जावे, अथवा ११२ हा क्रमांक फिरवावा. पुष्कळदा पोलीस शिपाई फाटकापर्यंत चालत आला, एवढ्यानेच साखळीची किल्ली सापडते.

आता प्रत्यक्ष तक्रारीकडे वळू. सर्वांत जलद मार्ग रेल्वेच्या 'रेल मदद' या सेवेचा, जिच्यासाठी १३९ हा दूरध्वनी क्रमांक, संकेतस्थळ आणि मोबाइलवरील ॲप अशी तिन्ही साधने आहेत. तीत प्रवासातील गाडीविषयीची आणि स्थानकाविषयीची अशी वेगळी दालने असून आपण दुसरे निवडावयाचे. छायाचित्रे जोडावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक टिपून ठेवावा. या मार्गाचा एक दोष असा की तक्रार लवकर मिटविण्याकडे सर्व यंत्रणेचा ओढा असल्याने 'संबंधितास समज देण्यात आली आहे' अशा साच्यातल्या उत्तराने ती बंद होते, आणि समज कोणाला दिली, कोणती दिली, घेतलेले पैसे परत कधी मिळणार, याचा पत्ता लागत नाही. तरीही ही पायरी गाळू नये. कारण तक्रार त्याच दिवशी केली होती, याची सरकार-दरबारी नोंद होते. स्टेशन मास्तरच्या कचेरीत तक्रार-पुस्तक मागून तेथेही चार ओळी लिहून ठेवाव्या.

खरे वजन पडते ते लेखी अर्जाचे. तो विभागाच्या वरिष्ठ वाणिज्य व्यवस्थापकांच्या नावे करावा आणि त्याची प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना द्यावी. कचेरीच्या फलकांवर ही पदे बहुधा हिंदीत 'वरिष्ठ मंडल वाणिज्य प्रबंधक' व 'मंडल रेल प्रबंधक' अशी लिहिलेली आढळतील. अर्ज हातोहात दिल्यास आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. टपालाने पाठविल्यास स्पीड पोस्टाची पावती जपावी. अर्जात रागलोभ नसावा, तपशील असावा, आणि मागणी मोजकी व स्पष्ट असावी. नमुना असा :

'विषय : अमुक स्थानकाच्या पूर्वेकडील दुचाकी वाहनतळावर मंजूर दरापेक्षा अधिक आकारणी. महोदय, दिनांक अमुक रोजी रात्री ९ वाजता मी माझे वाहन (क्रमांक अमुक) सदर वाहनतळावर ठेवले व दुसऱ्या दिवशी सकाळी ८ वाजता परत घेतले. दरफलकाप्रमाणे बारा तासांचे भाडे अमुक रुपये होते. माझ्याकडून अमुक रुपये घेण्यात आले. जादा रक्कम मी हरकत राखून दिली आहे. दरफलक, पावती व बँकेची नोंद यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. या प्रकाराची तक्रार त्याच दिवशी रेल मददकडे केली असून तिचा क्रमांक अमुक आहे. विनंती की, (एक) जादा घेतलेली रक्कम मला परत करविण्यात यावी; (दोन) ठेक्याच्या शर्तींनुसार ठेकेदारावर दंडात्मक कारवाई करून तिचा तपशील मला कळविण्यात यावा; (तीन) मंजूर दरांचा फलक ठळक जागी लावण्याची ताकीद देण्यात यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. कळावे.'

जागा महापालिकेची असेल तर हाच अर्ज आयुक्तांच्या नावे करावा, आणि राज्य शासनाच्या 'आपले सरकार' या संकेतस्थळावरील तक्रार-व्यवस्थेचा उपयोग करावा. रेल्वेविषयीची तक्रार तेथे केल्यास ती केंद्राचा विषय म्हणून परत येते. केंद्र सरकारची तक्रार-यंत्रणा सीपीग्राम्स या नावाने ओळखली जाते, आणि तेथील निकालाने समाधान न झाल्यास तीस दिवसांत अपील करण्याची सोयही तीत आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे मात्र कोणी वळू नये. मालाची नुकसानी, भाड्याचा परतावा, अपघाताची भरपाई हे त्याचे विषय. वाहनतळाचे भाडे त्यांत बसत नाही.

करारनामा पाहण्याचा मार्ग म्हणून ज्याचा उल्लेख मी मघाशी केला, तो माहितीच्या अधिकाराचा. २००५ च्या कायद्याखाली विभागीय कचेरीतील जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह अर्ज करावा. रेल्वे केंद्राची असल्याने संगणकावरून करावयाचा तर तो केंद्राच्या संकेतस्थळावरून करावा लागतो. माहिती तीस दिवसांत मिळावयास हवी, न मिळाल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील, आणि तेथेही निराशा झाल्यास नव्वद दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे. प्रश्न विचारताना 'असे का घडते' असे विचारू नये. तो कायदा कागद देतो, कारणमीमांसा देत नाही. मागावयाचे ते कागदच : ठेक्याच्या करारनाम्याची व मंजूर दरपत्रकाची प्रत, ठेक्याच्या आरंभाची व समाप्तीची तारीख, वाहनतळाच्या हद्दीचा नकाशा, आणि गेल्या एका वर्षात त्या ठेकेदारास केलेल्या दंडांचा तपशील. यांतील हद्दीचा नकाशा अनेकदा सर्वांत मनोरंजक निघतो, कारण ठेका मिळालेला असतो एका कोपऱ्याचा आणि वसुली चाललेली असते अख्ख्या आवारात, प्रवाशाला सोडण्यास क्षणभर थांबलेल्या रिक्षापासून सारी. समाप्तीची तारीखही नीट पाहावी. मुदत संपून गेलेल्या ठेक्यावर वसुली चालू राहिलेली आढळली, तर ती संपूर्णच बेहक्काची ठरते आणि वाणिज्य शाखेला तिच्याकडे डोळेझाक करणे फार जड जाते. ठेकेदाराच्या व्यापारी गुपिताची सबब पुढे करून करारनामा नाकारण्याचा प्रयत्न कधी कधी होतो. परंतु जे दर जनतेने द्यावयाचे ते जनतेपासून गुप्त कसे असू शकतील, एवढे एकच वाक्य पहिल्या अपिलात पुरेसे आहे.

शेवटचा उपाय जिल्हा ग्राहक आयोगाचा. फलकावर जाहीर केलेल्या किंवा उभय पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक घेणे हे २०१९ च्या कायद्यात तक्रारीचे एक स्वतंत्र कारण म्हणून नमूद आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस कोणतेही शुल्क पडत नाही, वकील द्यावाच लागत नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी-धंदा करतो तेथील आयोगातही ती दाखल करता येते. म्हणजे नागपूरच्या वाहनतळावर घडलेल्या गोष्टीबद्दल ठाण्याच्या रहिवाशाला नागपूरचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तत्पूर्वी ठेकेदार व रेल्वे या दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस देणे इष्ट. आणि तक्रारीत ठेकेदारास पहिला व महाव्यवस्थापकांमार्फत भारत सरकारला दुसरा सामनेवाला करावे, नाहीतर ठेकेदार सुनावणीपर्यंत ठेका सोडून नाहीसा होतो आणि हुकूमनामा बजावण्यास माणूसच उरत नाही. आयोगाची पायरी चढण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर बोलून पाहावे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, १९७५ पासून या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचा सल्लाही मोलाचा असतो.

वीस रुपयांसाठी आयोगात जाणे हे कालापव्यय वाटेल, आणि एकेकट्याच्या बाबतीत तो बहुधा असतोही. निकालास कायद्याने अपेक्षिलेल्या महिन्यांपेक्षा पुष्कळ अधिक अवधी लागतो, हे लपविण्यात अर्थ नाही. ज्यांची बाजू मुळातच दुबळी आहे त्यांनी तर या वाटेस जाऊच नये : टप्प्याची वेळ खरोखर उलटून गेली होती, मासिक पास एका तळाचा असता वाहन दुसऱ्या तळावर लावले होते, किंवा आखलेल्या जागेबाहेर उभे करून इतरांची वाट अडविली होती, अशा वेळी मुकाट्याने पैसे देऊन मोकळे व्हावे. परंतु मासिक पासधारकांची गोष्ट वेगळी आहे. ते रोज त्याच फाटकातून जातात, एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, आणि पासाच्या दरात गुपचूप झालेली वाढ सर्वांवर सारखीच पडलेली असते. एकाच स्वरूपाची हरकत असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एखाद-दोघांनी तक्रार चालविण्याची मुभा याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. आणि ज्यांना एकेक करून शोधून काढणे सोयीचे नाही अशा मोठ्या संख्येच्या ग्राहकांचे नुकसान झाले असल्यास, दिलेल्या सेवेच्या मूल्याच्या पंचवीस टक्क्यांहून कमी नाही इतकी रक्कम भरण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम ३९ ने आयोगास दिला आहे. म्हणून पासधारकांनी तीन महिन्यांच्या पावत्या, जुन्या व नव्या दरांची छायाचित्रे आणि सह्यांचा एक अर्ज एवढे जमवून प्रथम वाणिज्य व्यवस्थापकांची भेट मागावी, आणि त्या भेटीचे इतिवृत्त त्याच दिवशी पत्राने त्यांना पाठवून द्यावे, म्हणजे तोंडी दिलेले आश्वासन कागदावर येते.